राजा बोलतोय तोवर कॉफी

गेममधला सीन टाळता येणार नाही, असा कायदा ज्या शहाण्याने केला, तो स्वतः कधी खेळत नसणार. खाणीच्या गुहेत शेवटच्या लढाईआधी म्हातारा राजा भाषण ठोकतो. बटण दाबून ते ओलांडता येत नाही, हातपाय हलवता येत नाहीत, नुसतं बघत बसायचं. म्हणून आम्हा जुन्या खेळाडूंत एक रीतच पडली होती. राजाने तोंड उघडलं की खुर्ची सोडायची. कॉफी गाळावी, राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी फासावं, खाऊन परत यावं, तरी म्हातारा आपल्या खापरपणज्यापाशीच अडकलेला असे. ते भाषण कापा म्हणून मी कंपनीला इतक्या तक्रारी लिहिल्या की माझं नाव तिथे शिवीसारखं घेत असतील. घेऊ देत.

दुसरा छळ रांगेचा. गुहेत चौघं लागतात. दोघं मारणारे, एक जखमा भरणारा वैदू आणि पुढे उभा राहून मार खाणारा ढालवाला. मारायला सगळ्यांना हवं, मार खायला कुणालाच नको. त्यामुळे ढालवाला मिळेपर्यंत बाकीचे ताटकळत बसतात.

पण रांगेबद्दल मी आता जपून बोलते. कारण आई.

आई वर उत्तरेत केमियार्वीला एकटी राहते. मी खाली दक्षिणेत कोत्काच्या बंदरात क्रेन चालवते. थंडीत बाबा गेले. त्यानंतर आमचं फोनवरचं बोलणं असं: "थंडी आहे?" "आहे." "बरं." संपलं. म्हणून मी तिला कॉम्प्युटर नेऊन दिला, गेम लावून दिला, वैदू केलं. आणि रांगेत ताटकळताना, कानावरच्या यंत्रातून, ही बाई बोलायला लागली! शेजारणीचं कुत्रं, सौनाच्या न्हाणीघराची गळकी चिमणी, बाबांचं घोरणं, सगळं. समोर वाट बघायला काहीतरी असलं की तिची जीभ सुटते.

मागच्या आठवड्यात माती झाली. ती दुसरी गुहा, तिथे हा कायदा नव्हता. आई बिचारी सीन मन लावून बघत राहिली आणि बाकीच्या नालायकांनी पुढे जाऊन राक्षस मारूनही टाकला.

"जेवायला बोलावलं," आई म्हणाली, "आणि मी हात धुऊन येईपर्यंत ताटं उचलली. शनिवारी अजून एकदा येते, हेल्का. पुन्हा तसंच झालं तर हे यंत्र वाचनालयाला देऊन टाकणार. आपण फोनवर बोलूच की."

फोनवर! थंडी आहे, आहे, बरं!

शनिवारी दुपारी रांगेत बसलो. आई बटाटे सोलत होती, सोलण्याचा आवाज माझ्या कानात येत होता. शेवटी ढालवाला मिळाला, 'बोडिलचा बाप' असं नाव घेतलेला डेन्मार्कचा एक डेन. चौथा गडी मुका, एक अक्षर लिहिलं नाही त्याने. आईच्या नावापुढे नवख्यांचं हिरवं पान दिसत होतं.

'पहिली वेळ?' डेनने लिहिलं. 'स्वागत! घाबरू नका, मी आहे ना.'

"भला माणूस दिसतोय," आई म्हणाली.

खरंच भला. आईसाठी थांबत थांबत आम्ही खाणीच्या तळाशी पोचलो. राजा सिंहासनावरून उठला.

'कॉफी!' डेनने लिहिलं.

"आई, तू ऐक हं निवांत. मी आलेच," म्हटलं आणि कानावरचं यंत्र टेबलावर टाकून स्वयंपाकघरात गेले. सवय, दुसरं काय. कपात कॉफी ओतली, पावाचा तुकडा तोंडात घातला, तोच टेबलावरून चिरका आवाज. उंदीर सापळ्यात सापडल्यासारखा.

"हेल्का! हेल्काऽऽ! कुठे तडफडलीस?"

आई! बाबा गेल्यापासून तिने आवाज चढवला नव्हता. मी कपासकट धावले. बघते तर राजा गायब, शिंगं असलेला लोखंडी राक्षस मोकळा सुटलेला, मी जमिनीवर मेलेली, मुका मेलेला, आणि बोडिलचा बाप ढालीसकट उताणा. जिवंत एकच, हिरव्या पानाची माझी आई.

"म्हातारा दोन वाक्यं बोलला आणि गप्प झाला!" ती ओरडली. "तुम्ही सगळे ठोंब्यासारखे उभे! किती जखमा भरू मी एकटी?"

'पळा! दाराकडे पळा!' डेनने मेल्या मेल्या लिहिलं.

"आई, दाराकडे!"

"गप्प बस गं! शिंगवाल्यापुढे सरळ पळतात का कधी?"

तिचं सगळं बालपण रेनडियरच्या कळपात गेलेलं. तिने सरळ खांब गाठला आणि त्याच्याभोवती फिरायला लागली. राक्षस डावीकडून आला की ती उजवीकडे. तो फिरला की तीही फिरली. दोनदा त्याचं शिंग घासून गेलं, तिचा जीव दोऱ्याएवढा उरला. माझ्या हातातली कॉफी मांडीवर सांडत होती, पण हलतंय कोण!

"ये भाड्या, ये!" आई. शप्पथ सांगते, माझी आई.

राक्षस चवताळून धावला आणि धडाम्! खांबावर आपटून झिंगला. मेलेल्याला जिवंत करायचा मंत्र लांबलचक, उभं राहून म्हणावा लागतो. तिने तेवढ्यात मला उठवलं.

"ऊठ, कामचोर! आता तू पळ त्याच्यापुढे!"

मी पळाले. खांबाभोवती, ती सांगेल तशी. तिने डेनला उठवलं, डेनने ढाल पुढे धरली, मग मुका उठला, आणि आम्ही चौघांनी त्या लोखंडाचा चुरा केला. मी एकटीच घरात नाचले. पलीकडे आई हसत होती, खोकला येईपर्यंत.

'ताई, तुम्ही देवी आहात,' डेनने लिहिलं. मुक्यानेही पहिल्यांदा तोंड उघडलं. 'माफ करा. कॉफी.'

मग डेनने लिहिलं, 'आज सकाळीच कंपनीने सीन कापला म्हणे. तक्रारी फार झाल्या होत्या.'

मी मांडीवरची कॉफी पुसायला घेतली.

"कापला?" आई म्हणाली. "कुठल्या गाढवाने तक्रार केली? तो राजा आता कुठे आपल्या बायकोबद्दल सांगायला लागला होता! हेल्का, तुला असलं लिहिता येतं. त्यांना लिही, भाषण परत लावा म्हणावं. चांगलं खरमरीत लिही."

"लिहिते, आई."

"आणि रांगेत नाव घाल. किती वेळ लागेल?"

"शनिवार आहे, तासभर तरी."

"लागू दे. तोवर बटाटे शिजतात," ती म्हणाली. "तर मी सांगत होते, तुझे बाबा एकदा चिमणीवर चढले..."