मनोऱ्यातलं वाळवण

स्वातोप्लुकने दोर हळूहळू सैल सोडला आणि बंबखान्याच्या मनोऱ्यातून गांजाच्या जुड्या डुलत डुलत खाली आल्या. कप्पी कुरकुरली. त्याने दोर खुंटीला गुंडाळला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि एक काडी धरून वाकवली. काडी रबरासारखी वाकली. मोडली नाही.

"अजून नाही," तो काडीलाच म्हणाला.

मग त्याने जुड्यांकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहिलं. त्याने टांगल्या होत्या पाच, झाडामागे एक. आता आकड्यांना त्याच्या दुप्पट तरी लोंबत होत्या. वाळताना वस्तू कमी होते एवढं त्याला ठाऊक होतं. अळंबी निम्मी होतात, सफरचंदाच्या चकत्या तर जवळजवळ नाहीशाच होतात. वाळताना वाढणारी वस्तू तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.

हा मनोरा खरं तर बंबाचे पाइप वाळवायला बांधलेला. उंच, अरुंद, आत अंधार, खालून वारा शिरतो आणि वरच्या झरोक्यांतून निघून जातो. गावचा बंब चालवणारे सगळे हौशी, आणि स्वातोप्लुक त्यांचा कमांडर. यंदा शरदात पाऊस असा लागला होता की घराघरातल्या भिंतींना घाम फुटलेला. पाइपाला जी हवा मानवते ती गांजाला का मानवू नये, असा त्याने सरळ हिशेब केला होता.

गेल्या वर्षी त्याने माल घरीच माळ्यावर वाळवला. वरून वाळल्यासारखा दिसला म्हणून बरण्यांत भरला. आता बरणीत गांजा मुरवायचा तर रोज झाकण उघडून त्याला श्वास घेऊ द्यावा लागतो. स्वातोप्लुकने झाकणं बंबवाल्याच्या ताकदीने आवळली आणि बरण्या तळघरात ठेवून दिल्या. नाताळाच्या तोंडावर डुकराच्या चरबीत मलम करायला म्हणून एक उघडली, तर आत पांढरी शुभ्र लव. त्याची बायको द्राहोमिरा वाकून बरणीत बघत राहिली.

"आत मांजर आहे का?" तिने विचारलं.

एवढंच. त्यानंतर ती या विषयावर अवाक्षर बोलली नाही, आणि तेच वाईट होतं. मलमाशिवाय तिची संधिवाताची बोटं थंडीत मिटली ती वसंतापर्यंत उघडली नाहीत. चमचा ती मुठीत धरायची. बटाटे स्वातोप्लुक सोलायचा, ते चौकोनी व्हायचे आणि ती मुकाट्याने खायची. तसला हिवाळा पुन्हा नको होता. या वर्षी मलम व्हायलाच हवं होतं.

दार करकरलं आणि लुबोर आत आला. लुबोर म्हणजे दलाचा पंपवाला. चालताना एक हात कायम कमरेवर.

"बोझेनाला जरा तेल घालावं म्हटलं," तो म्हणाला. बोझेना म्हणजे पंप. तेलाची बुधली काही त्याच्या हातात नव्हती.

"लुबोर, या पाच माझ्या. बाकीच्या कुणाच्या?"

"बाकीच्या कुठल्या?"

"तुझ्या नाकाला लागतायत त्या."

लुबोरने नाक मागे घेतलं. "अरे, हो की."

"पाठ कशी आहे तुझी?"

"आहे, पाठीसारखी." मग त्याने हात टेकले. "घरात जागा नाही रे. माळ्यावर अळंबी, न्हाणीत अळंबी, पलंगाखाली अळंबी. बायको मला पलंगावर झोपू देते हेच उपकार."

"आणि ही निळ्या सुतळीची?"

"सरपंचबाईंची. गुडघा."

"त्यांना किल्ली कुणी दिली?"

"त्यांना कोण किल्ली देणार? आपल्याला किल्ली त्यांनीच दिलीय."

स्वातोप्लुक उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. आमच्याकडे घरामागे पाच झाडं असली तर पोलीस कानाडोळा करतात. पण तीन घरांचा माल एका मनोऱ्यात म्हणजे टोळी झाली, आणि टोळीचा म्होरक्या कोण, तर ज्याच्या नावावर मनोरा तो. तो हे लुबोरला समजावून सांगणार, तेवढ्यात गमबूट आपटत सरपंच ब्लाझेनाबाईच आत आल्या.

"जिल्ह्याचा बंबांचा तपासनीस निघालाय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात येणार होता, आजच येतोय. नाक्यावरनं फोन आला." मग त्यांचं लक्ष वर गेलं. त्यांनी सरपंचाचा आवाज काढला. "हे काय आहे?"

"तुमचा गुडघा," लुबोर म्हणाला.

बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं.

"चर्चमध्ये नेऊ," लुबोर म्हणाला.

"तिथे पाद्रीबाबांनी लसूण टांगलाय," बाई म्हणाल्या. "पार वेदीपर्यंत."

"मग दारूच्या गुत्त्यात?"

"तिथे नेलेलं परत मिळतं का कधी?"

शेवटी स्वातोप्लुकने दोर धरला आणि सगळं होतं तिथेच, पण अगदी छपरापर्यंत ओढून घेतलं. वर अंधार होता. खाली दरवळ होता, त्याला इलाज नव्हता. लुबोरने बोझेनाचं थोडं पेट्रोल जमिनीवर सांडलं आणि त्यातल्या त्यात बरं वाटून घेतलं.

तपासनीस आला तो नाक शिंकरतच. बारीक माणूस, रेनकोट घोट्यापर्यंत, नाक बिटासारखं लाल. त्याने मनोऱ्यात पाऊल टाकलं, दोन शिंका दिल्या आणि डोळे पुसले. तिघांनी मनातल्या मनात त्या सर्दीला उदंड आयुष्य चिंतलं.

"पाइप वाळलेले आहेत," तो म्हणाला.

"हो साहेब," स्वातोप्लुक म्हणाला. "ते वाळवण्यावर आमचा कटाक्षच असतो."

"म्हणजे वापरलेच नाहीत. चला, वापरून दाखवा."

मनोऱ्याशेजारच्या तळ्यावर बोझेना सुरू झाली. तिने खोकून खोकून पाणी ओढलं आणि स्वातोप्लुकने सरपंचबाईंच्या कुंपणावरची कल्पित आग विझवली. एवढं सगळं ठीक पार पडलं. बोझेनाची एक खोड मात्र होती. बंद केली की ती मरायची, आणि मेल्यावर एकदा आपोआप उठून बसायची. लुबोरला हे पक्कं ठाऊक. तो नेहमी तिचं उठून बसणं होईपर्यंत थांबायचा आणि मगच पाइप जोडापासून सोडवायचा.

"ओले पाइप पडून राहू द्यायचे नाहीत," तपासनीस म्हणाला. "वर घ्या. माझ्यासमोर."

"आत्ता?"

"मग काय, ईस्टरला?"

लुबोरने बोझेना बंद केली. पण त्याचे डोळे मनोऱ्याच्या टोकाकडे आणि जीव त्या डोळ्यांत. पाइपाचं मागचं टोक पंपालाच राहिलं. स्वातोप्लुकने दुसरा दोर ओढला. पितळी तोंडाचा तो जाडजूड पाइप अजगरासारखा वर सरकत गेला आणि त्याचं तोंड नेमकं त्याच्याच पाच जुड्यांमध्ये जाऊन थांबलं.

तेव्हा बोझेना उठून बसली.

पाइप टणक झाला. मग तो मनोऱ्यात अंगात आल्यासारखा घुमायला लागला, या भिंतीवर, त्या भिंतीवर, आणि वरून पाणी कोसळलं. नुसतं पाणी नाही. पानं, काड्या, तुरे, सुतळ्या, तळ्यातलं शेवाळ आणि एक छोटा बेडूक. उठून बसलेली बोझेना यथावकाश आडवी झाली. सगळं थांबल्यावर तपासनिसाच्या टोपीवर एक फांदी होती आणि दुसरी त्याच्या खांद्यावर, जनरलच्या पट्टीसारखी.

टप, टप, टप.

"हॉप्स," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "बिअरचे. सणाच्या सजावटीला."

तपासनिसाने खांद्यावरची फांदी दोन बोटांनी उचलली. पाहिली. शिंकला.

"मनोऱ्यात फक्त पाइप," तो म्हणाला. "दुसरी कुठलीही वस्तू नाही. गावोगाव सांगून थकलो मी. गेल्या आठवड्यात एके ठिकाणी सॉसेज टांगल्या होत्या." त्याने पुन्हा नाक शिंकरलं. "त्या निदान खाता तरी आल्या. आणि त्या पंपाची झडप बदला, कुणाचा तरी जीव घेईल तो."

तो गाडीत बसला आणि गेला. टोपीवरची फांदी त्याच्याबरोबरच गेली. त्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

मग मनोऱ्याच्या जमिनीवर वाटण्या झाल्या. ब्लाझेनाबाईंचा निम्मा माल कोपऱ्यात पडल्यामुळे वाचला होता. "एक गुडघा तरी होईल," असं म्हणून त्या तो पोटाशी धरून गेल्या. लुबोरचा अर्धामुर्धा हाती लागला. स्वातोप्लुकच्या पाच जुड्या मात्र पाइपाच्या थेट तोंडाशी होत्या. त्यांचा हिरवा लगदा झाला होता, आणि तोही शेवाळातून निवडता येईना.

तो आकड्यात अडकलेला पाइप सोडवायला शिडीवर चढला. अगदी वर, छपराच्या वाशामागे, खिळ्याला एक कापडी पिशवी दिसली. पिठाची असते तसली. पाण्याचा थेंबही तिथवर पोचला नव्हता. त्याने आत हात घातला. काडी लागली. त्याने ती वाकवली आणि ती टचकन मोडली.

तो पिशवी घेऊन खाली आला.

"ही कुणाची?"

लुबोर बोझेनाची झडप तपासायला लागला.

"लुबोर."

"अरे, असेल कुणाची तरी."

"तुझ्याशिवाय एवढ्या वर कोण चढणार?"

"या पाठीने?"

"तेच विचारतोय. या पाठीने कुणासाठी चढलास?"

लुबोरने हात पँटला पुसले. "तुझ्या द्राहोमिराची आहे," तो म्हणाला. "वसंतात बी घेऊन आली होती माझ्याकडे. माझ्या सशांच्या खुराड्यामागे लावलं, तिथे तू कधी येत नाहीस म्हणून. कापलं तिनेच, बांधलं तिनेच. मला म्हणाली, टांग, आणि त्याला कळू देऊ नकोस, वाईट वाटेल त्याला."

स्वातोप्लुकने पिशवीत पुन्हा डोकावून पाहिलं.

"मी म्हटलं, अगं, यंदा तो चांगलं मनावर घेऊन करतोय. तर म्हणाली, माझा आहे रे त्याच्यावर विश्वास. माझ्या बोटांचा नाही."

स्वातोप्लुकने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं, त्यातलं पाणी ओतलं, आत पाहिलं आणि पुन्हा डोक्यावर घातलं. मग पिशवी काखेत मारली.

"ही माझी," तो म्हणाला.

"आणि तिने तिची मागितली की मी काय सांगू?"

"भिजली म्हणून सांग."

"गळा दाबेल ती माझा!"

"त्या हातांनी?"

"आत्ता नाही रे. मलम लावल्यावर."

घरी द्राहोमिरा स्वयंपाकघरात चुलीपाशी बसली होती, दोन्ही हात उबेला धरून. सुपाला आधण आलं होतं. गावातली बातमी स्वातोप्लुकच्या आधीच चालत येऊन बसली होती.

"सगळं भिजलं म्हणे."

"बाकीच्यांचं," तो म्हणाला. बूट काढायला तो खाली वाकला. "मी माझं अगदी वर टांगलं होतं. वाशाला."

त्याने पिशवी टेबलावर ठेवली.

द्राहोमिरा पिशवीकडे बघत राहिली. सुपावरचं झाकण खडखडायला लागलं तरी ती उठली नाही. स्वातोप्लुकला बुटाची नाडी सोडवायला फारच वेळ लागत होता. शेवटी तिने पिशवीतून जुडी बाहेर ओढली, नाकाशी धरली, एक काडी तळव्यांमध्ये दाबली. टच.

"जमलं की रे तुला या वर्षी, स्वात्या," ती म्हणाली.

"हं."

"पण पानं नीट काढली नाहीस. ही बघ, ही बघ. किती राहिलीयेत."

"घाई झाली."

"आणि कापताना चिरडलंयस. कात्रीला धार नव्हती का?"

"नसेल."

ती जुडी फिरवून फिरवून बघत होती. सुतळीपाशी तिचा हात थांबला. सुतळी वेडीवाकडी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर गाठी होत्या, गाठीवर गाठ, तीवर आणखी एक, एकही सरळ नाही.

"आणि या कसल्या गाठी? लहान पोरसुद्धा बरी मारेल."

"नाही जमत मला गाठी."

"एक मारली तर पुरते." तिने हात पुन्हा चुलीकडे नेले. "सुटून पडेल अशी भीती वाटली असेल."

"वाटली," तो म्हणाला.

त्याने खुर्ची ओढली, चष्मा चढवला, जुडी पुढ्यात घेतली आणि सगळ्यात वरच्या गाठीला नख लावलं. द्राहोमिराने कोपराने टेबलावरची सुरी त्याच्याकडे सरकवली.

"काप ना. बसलास काय सोडवत!"

"थांब," स्वातोप्लुक म्हणाला, "सुटतेय," आणि दुसऱ्या गाठीकडे वळला.