फुलांखाली थांबलेली मोटार

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाला पुढची जागा धरता ना, तशीच इथं धरा. आजचं आख्यान माझं आहे, आणि सांगणारीही मीच.

मी एक जुनी विलायती मोटार आहे. अमरावतीला नारायणराव वकिलांच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली उभी असते. माझा जन्म इंग्लंडातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिरांनी लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे हातोडीनं ठोकून माझं अंग घडवलं. समोरची फळी अक्रोडाच्या लाकडाची, बैठका खऱ्या चामड्याच्या. डोक्यावर कापडी टप. वाटलं तर मागे दुमडायचा आणि ऊन-वारा अंगावर घ्यायचा. इंजिन इतकं शांत, की पुढचा कुजबुजला तरी मागच्याला ऐकू जाई. माझ्यासारख्या मोजक्याच घडल्या. पुढे तो कारखानाही बंद पडला.

नारायणरावांच्या वडिलांनी मला मुंबईहून आणलं. किती वरातींत मी मिरवले! लोक म्हणत, "नवरदेव पाहाचा का गाडी पाहाची?"

पण माझ्या आयुष्यातली सर्वांत गोड सवारी निराळीच. दर्यापूरचे भगवंतबुवा नारदीय कीर्तनकार. घरची फुलशेती, आवाज खणखणीत आणि बोलणं रोखठोक. एका हिवाळ्यात वलगावला त्यांचं कीर्तन होतं. नारायणराव त्यांना माझ्यातून घेऊन निघाले. गार वारा लागेल म्हणून ते टप लावू लागले, तर बुवा म्हणाले, "राहू द्या उघडाच, वकीलसाहेब. आभायाखाली आवाज मोकया होते."

मग काय! वाटभर बुवा गात होते. शेतातली माणसं काम थांबवून हात जोडत होती. मी वाहन होते की पालखी, माझं मलाच कळेना.

त्या रात्री वलगावात कीर्तन फार रंगलं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझं नशीब फिरलं.

नारायणरावांच्या पत्नी कुंदाताई मोठ्या भाविक. त्या म्हणाल्या, "नारदाच्या गादीवर उभा राहणारा माणूस या बैठकीवर बसला. आता तिथं आपण कसं बसायचं?" मागच्या बैठकीवर रेशमी वस्त्र अंथरलं गेलं. वर नारदाची तसबीर ठेवली, झेंडूचे हार घातले. माझ्या बंपरवर नारळ फुटू लागले. शेजारची मंजुषा परीक्षेआधी हॉल तिकीट माझ्या स्टेअरिंगला लावून गेली.

नारायणराव अधूनमधून म्हणायचे, "निदान इंजिन तरी चालू करून पाहतो."

"अहो, देवघरात कोणी हॉर्न वाजवतं का?" कुंदाताई विचारायच्या. नारायणराव हसून किल्ली खिशात टाकायचे.

मित्रांनो, त्या माउलीचा भाव खोटा नव्हता, म्हणून रागावताही येईना. पण नारळाच्या पाण्यानं माझं लोखंड गंजलं. साखर-अक्षतांच्या वासानं उंदीर आले. त्यांनी तारा कुरतडल्या, टपाची चाळण केली. टाकीतलं पेट्रोल नासलं, इंजिन आतल्या आत जाम झालं. वर मात्र रोज ताजी फुलं.

अशी वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात बुवांचा निरोप आला. आता वय झालं, दम पुरत नाही. वलगावला अखेरचं कीर्तन करतो आणि थांबतो. मात्र तिथवर याच गाडीनं जाईन, टप उघडा ठेवून.

केवढी धांदल उडाली! फुलं काढली, मेकॅनिक आला. किल्ली फिरवली, नुसती टिक् टिक्. टप मागे ओढला, तर टर्रकन फाटला आणि लोखंडी कमानी अर्ध्यावरच अडकल्या. तेवढ्यात बुवा काठी टेकत अंगणात आले. माझ्या अंगावरचे कुंकवाचे थर पाहून थबकले.

"हे काय करून ठेवलं हो वहिनी?"

"बुवा, तुम्ही बसला होतात ना... म्हणून पूजा केली."

"अवं माय, मी बसलो तं गाडी बाटली का काय?"

सगळे हसले. बुवाही हसले. मग हलकेच म्हणाले, "म्या जन्मभर सांगतलं, नाम घ्या अन् काम करा. तुमी तं हिचं कामच बंद करून टाकलं."

कुंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. बुवांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग चप्पल काढून माझ्यात येऊन बसले. फाटक्या टपाखाली दोन ओळी गुणगुणले, खोकला आला, थांबले. माझ्या दारावर दोनदा थोपटलं आणि उतरून बंद काचांच्या टॅक्सीतून वलगावला गेले. संक्रांतीनंतर ते वारल्याची बातमी आली.

मित्रांनो, तुमची सायकल असो, आजोबांचं घड्याळ असो, घरातली पेटी असो. तिला हार घालाल तर घाला, पण तिला तिचं काम करू द्या. तेलपाणी द्या, पुसा, वापरा. वस्तूचा मान तिच्या चालण्यात असतो.

आणि कधी वलगावच्या रस्त्यानं गेलात, तर भगवंतबुवांचं नाव घ्या. त्यांना पोचवायचं माझ्याकडे होतं हो. मी अंगणातच राहिले.