डावीकडचा माणूस

मिनलने जर्मनीतल्या कोर्टाचा फोटो पाठवला आणि तो बघून आमचे हे म्हणाले, "पोरगी हरली."

मी म्हटलं, भिंती बघून निकाल लावणारे तुम्हीच पहिले. पण इमारत होतीच तशी. जुनी, दगडी, दारावर कोरलेले सिंह, कुणा राजाने ऐटीसाठी बांधल्यासारखी. युद्धात जळाली होती म्हणे, लोकांनी पुन्हा तशीच उभी केली.

मिनल तिकडे वृद्धाश्रमात नर्स आहे. माणसं कमी पडतात, म्हाताऱ्यांचे हाल होतात, असं तिने साहेबाला तोंडावर सांगितलं आणि त्याने तिला काढून टाकलं. खालच्या कोर्टात ती हरली. फोटोतलं कोर्ट त्याच्या वरचं, तेही कामगारांच्याच खटल्यांचं. तिला नोकरी परत हवी होती. हे मात्र रोज फोनवर एकच सांगायचे, देतील ते पैसे घे आणि मोकळी हो.

त्यांचं तरी काय चुकत होतं म्हणा. इथे खारी गावाजवळ भांड्यांच्या कारखान्यात हे पॉलिशच्या कामावर होते. युनियन केली म्हणून मालकाने घरी बसवलं. तारखा पडत गेल्या, कारखाना जाऊन तिथे टॉवर आला, तरी केस आपली चालूच. इथल्या कोर्टात हे कधी बाकावर टेकले नाहीत. मोठ्या माणसांसमोर कामगाराने उभं राहायचं, हे अंगात मुरलेलं. मिनललाही तेच बजावलं होतं, उभी राहा आणि मधल्या साहेबाला नमस्कार कर.

सुनावणीच्या दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. ह्यांनी तोही उभ्यानेच घेतला.

"बाबा, जज म्हणतायत, आपसात मिटवा. कंपनी पैसे द्यायला तयार आहे. विचार करायला थोडा वेळ दिलाय. काय करू?"

हे 'घे' म्हणणार, मला ठाऊक होतं. पण त्यांनी आधी विचारलं, समोर साहेब किती बसलेत.

"तिघं. मध्ये जजबाई. दोन्ही बाजूंना बाहेरून नेमलेले जज, उजवीकडचा मालक लोकांमधला. आणि डावीकडचा कामगार आहे, बाबा. कारखान्यात वेल्डिंग करतो. निकाल देताना तिघांच्या मताला वजन सारखंच."

"वरती? बाईंच्या शेजारी?"

"हो. खुर्चीपण सेम."

हे हळूच खाटेवर बसले. केबिन रोडकडून रिक्षांचे हॉर्न येत होते.

"मग घेऊ नको," हे म्हणाले. "त्याच्याकडे बघून बोल. आणि बसून बोल."

इतके महिने 'घे, घे' करणारा माणूस! मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. मिनलला नोकरी परत मिळाली होती. मी देवापुढे साखर ठेवून आले, तर ह्यांचं फोनवर भलतंच चाललेलं.

"तो डावीकडचा," त्यांनी विचारलं, "उद्या कामावर जाणार का?"

"हो. आमचे युनियनवाले सांगत होते, त्याची सकाळची शिफ्ट असते."

"मग आज त्याला लवकर घरी सोडायला पाहिजे," हे म्हणाले, आणि पॉलिशने कायमचे काळवंडलेले आपले तळवे बघत राहिले.