थोरलीचा खाऊ

डोळे मिटा बरं. आता लहान व्हा. मुंगीएवढे नको, मुंगीलाही दिसणार नाही एवढे. तुम्ही एका माशाच्या यकृतात, तिथल्या एका पेशीच्या आत उभे आहात. आजूबाजूला पिवळसर थेंब आहेत. ती चरबी, घरात पीठमीठ भरून ठेवावं तशी पेशीने अडीअडचणीसाठी साठवलेली. थेंबांच्या मधून इवल्या पिशव्या फिरताहेत. त्यांच्यात पाचक रस असतो. मासा उपाशी राहिला की या पिशव्या थेंबाला जाऊन चिकटतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि त्या तुकड्यांवर मासा तग धरतो. पण बाहेरून खाणं येतच राहिलं तर? पेशी म्हणते, साठ्याला हात कशाला लावायचा? पिशव्या सुस्तावतात, थेंबावर थेंब साठत जातो आणि तुम्हाला उभं राहायला जागा उरत नाही.

उघडा डोळे. आपण जिच्या पोटात जाऊन आलो, त्या मादीला सगळे थोरली म्हणत.

मत्स्यबीज केंद्राच्या शेवटच्या हौदात दोन माद्या होत्या, थोरली आणि धाकटी. केंद्रातली निम्मी पिल्लं थोरलीची. दोघींची निगा भिंगरीचा बाबा राखायचा. तिथली माशांची डॉक्टर म्हणजे त्याची पाठची बहीण, भिंगरीची आत्या. पाणी गार पडू लागलं तसं तिने बजावलं होतं, "दादा, आता या दोघींना दिवसाआड, तेही चमचाभर. अंगावरचं जरा जिरू दे."

बाबाने भिंगरीला दम भरला. शाळा सुटली की ती हौदावरच पडीक असायची ना! "एक दाणासुद्धा टाकायचा नाही. कळलं?"

"कळलं रे बाबा."

पण पावलं वाजली की थोरली वर यायची, गोल आ वासून. बघणाऱ्याचा जीव पाणीपाणी व्हायचा. रोज सकाळी बाबा इकडेतिकडे बघायचा आणि खिशातली मूठ पाण्यात सोडायचा. "डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस हं," असं वर थोरलीलाच बजावायचा. एक मूठ ती काय!

आणि एका सकाळी थोरली कुशीवर तरंगताना दिसली.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आत्याने तपासणीच्या खोलीत थोरलीचं पोट उघडलं तेव्हा भिंगरी बाबाच्या शेजारीच उभी होती. तांबूस असायला हवं ते यकृत लोण्यासारखं पिवळट झालं होतं. आत्याने त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"नुसते बुडबुडे आहेत," भिंगरी डोळा लावून म्हणाली.

"बुडबुडे नव्हेत ग. चरबीचे थेंब. पेशी फुगून टम्म झाल्यात. चरबी पचवणाऱ्या पिशव्या इतक्या बारीक, की यातून दिसायच्या नाहीत. पण त्यांनी काम केलं असतं तर हे थेंब एवढे उरले नसते." आत्या भावाकडे वळली. "दादा, चमचाभरच देत होतास ना?"

बाबाने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी भिंगरीच बोलली.

"मी टाकायचे. शाळेतून आले की. एक मूठ, रोज." तिला हुंदका आवरेना. "ती आ करायची ग आत्या. मला वाटलं, बाबा तिला उपाशी मारतोय."

हीच वेळ होती. 'सकाळची मूठ माझी,' एवढंच बाबाने म्हणायचं होतं. पण समोर धाकटी बहीण, त्यातून डॉक्टर. त्याची जीभच उचलेना. आणि उचलली तेव्हा भलतंच बोलली, "सांगितलं होतं ना तुला! एक दाणासुद्धा नाही म्हणून!"

भिंगरी बाहेर निघून गेली.

आत्या हात धूत म्हणाली, "दादा, एका मुठीने एवढं होत नाही. लहानपणी साय तू फस्त करायचास आणि मार मांजराला बसायचा."

बाबाने मान खाली घातली. "सकाळी मी टाकायचो."

"मला काय सांगतोस? तिला सांग. आणि धाकटीचं पोटही थोरलीसारखंच फुगलेलं दिसतंय. खाणं आजपासून बंद. पिशव्या कामाला लागल्या तर वाचेल."

भिंगरी हौदाच्या कडेला बसली होती. बाबा शेजारी टेकला.

"भिंगरे, सकाळी मीही टाकायचो. रोज."

तिने डोळे पुसले. "मग मला ओरडलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. थोरली तर आता परत येणार नव्हतीच, पण खरं बोलायची, आत गमावलेली ती एक घटका तरी परत मिळावी असं बाबाला फार वाटलं.

त्यांची चाहूल लागून धाकटी वर आली, आ वासून. बाबाचा हात सवयीने खिशाकडे गेला. भिंगरीने ते पाहिलं. ती उठली, खाद्याचा डबा घेऊन आली, आपला खिसा उलटा करून त्यातले दाणे डब्यात झटकले आणि डबा बाबापुढे धरला.

"आता तुझा."

बाबाने खिसा उलटा केला. तिने झाकण घट्ट दाबलं, डबा कडेला ठेवला आणि त्यावरच बसली. धाकटीने पुन्हा आ केला. भिंगरीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.