शिळी मेथी आणि लक्ष्मीपुरीची तागडी

मित्रांनो, एक लोखंडी दांडी, तिच्या दोन टोकांना साखळ्यांनी टांगलेली पितळी पारडी आणि मधोमध एक ताठ काटा, एवढाच माझा देह. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत किराणा आणि भाजीचं एक दुकान आहे. मी त्या दुकानातली जुनी तागडी. वय विचारू नका. तागडीला वजन विचारावं, वय नव्हे.

माझा जन्म उद्यमनगरातला. तिथल्या कारागिरानं माझी दांडी घासूनपुसून अशी समतोल केली की चिमूटभर जिरं पडलं तरी काटा जागचा हलायचा. दुकानाचे मालक पार्श्वनाथ आण्णा तेव्हा तरणेबांड होते. त्यांनी मला आणलं, वजनमापे खात्याचा शिक्का मारून घेतला आणि गल्ल्याशेजारी टांगलं. पुढं कितीतरी वर्षं आजऱ्याचा तांदूळ, गूळ, शेंगदाणे, वांगी, मेथी सगळं माझ्याच पारड्यातून गल्लीतल्या चुलींपर्यंत गेलं.

आण्णांचं माप नेहमी झुकतं. तरीही "वरनं घाला की आण्णा" म्हटल्याशिवाय गिऱ्हाईक पायरी उतरत नसे, आणि आण्णा मूठभर कोथिंबीर वरून घातल्याशिवाय पिशवी सोडत नसत. पलीकडच्या बोळातल्या बाळाबाई तर भर दुकानात सांगायच्या, "माणूस खोटं बोलंल, पर आण्णाची तागडी न्हाय बोलायची." असं काही ऐकलं की मी उगीचच थोडी जास्त डुलायचे. कौतुक कुणाला नको असतं?

मग इलेक्ट्रॉनिक काटा आला. अंगानं चपटा, आकडे लाल. त्याचं काम चोख होतं, हे मला मान्य करावंच लागेल. मला माळ्यावर टाकलं, रिकाम्या पोत्यांच्या शेजारी. तागडीला रडता येत नाही, तिला गंज चढतो. मला तो चढला.

तिथून मला खाली आणलं रोहिणीनं. रोहिणी म्हणजे आण्णांची सून, त्यांच्या पारसची बायको. त्या वर्षी दुकानावर बाका प्रसंग आला होता. ज्या मुलींच्या वसतिगृहाला इथून भाजी-किराणा जायचा, त्यांनी कळवलं होतं की यापुढं माल घेऊ तो अन्न वाया न घालवण्याचं प्रमाणपत्र असलेल्या दुकानातूनच. एक संस्था असं प्रमाणपत्र देत होती. दुकान चालत होतं ते मुख्यतः वसतिगृहाच्या जिवावर. ते गेलं तर जागा मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं द्यायची, असं पारसनं ठरवूनच टाकलं होतं. रोहिणीला ते नको होतं. या दुकानात ती नुसती सून नव्हती, अर्धा कारभार तिच्या अंगावर होता आणि तो तिला मनापासून आवडायचा.

प्रमाणपत्राची पहिली अट म्हणजे दुकानातून जे विकलं न जाता बाहेर पडतं, ते रोज तोलायचं. गिऱ्हाइकाच्या काट्यावर नासकं कसं ठेवायचं? म्हणून तिनं मला माळ्यावरून उतरवलं, चिंच लावून लख्ख घासलं आणि मागच्या दारापाशी टांगलं. मित्रांनो, त्या दिवशीचा चिंचेचा तो आंबट वास मी जन्मभर विसरणार नाही.

आण्णांचं मात्र डोकं फिरलं.

"दिवाळीला जिची पूजा करतोय, तिच्या पारड्यात सडकं घालतीस व्हय?"

"आण्णा, तोलल्याशिवाय कमी कसं करायचं?" रोहिणी म्हणाली. "आणि तागडीला कुठं विटाळ हाय?"

ती बरोबर बोलली. मला विटाळ नाही. मला काम हवं होतं.

पहिले काही दिवस पारडं बरंच खाली जायचं. नंतर ते एकदम हलकं येऊ लागलं. रोहिणी हरखली. मी हरखले नाही, कारण ती दुकानात येण्याआधी मागच्या दारात काय चालतं ते मला दिसत होतं. आण्णा पहाटे येत, मेथी-शेपूच्या सुकलेल्या पेंढ्या पोत्यात भरत, स्कूटरवर पायाशी ठेवत आणि गाईंना घालायला घेऊन जात. माझ्याकडं मात्र बघत नसत.

अशाच एका सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली.

"पावणं, दुकान उघडायला अवकाश हाय," आण्णा म्हणाले.

"दुकानाचंच बघायला आलोय मी. संघप्रिया. प्रमाणपत्राची तपासणी माझ्याकडं हाय." तिनं पोत्याकडं बोट केलं. "ही मेथी कुठं निघाली?"

"गाईस्नी."

"तोलली?"

आण्णा पोत्याचं तोंड आवळू लागले. तेवढ्यात रोहिणी आली. आधी तिनं पोतं बघितलं, मग माझी रिकामी पारडी, आणि तिला सगळं उमगलं.

"आण्णा, मी रोज संध्याकाळी खूश होत होते," ती एवढंच म्हणाली.

"गाईला घातलंसा ते चांगलंच केलं," संघप्रिया म्हणाली, "पर गाईला घातलं तरी तोलायला पायजे. माणसासाठी पिकवल्यालं माणसापतुर पोचलं न्हाई, ते वायाच की. खोट्या वजनावर मी सही करत न्हाई."

आण्णा पायरीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना परक्या माणसासमोर असं खाली बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पोरी, आमच्या घरात जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पितात," ते म्हणाले. "कण टाकायचा न्हाई, असं आईनं शिकवलं. आणि माझ्या दुकानातनं पोतं भरून बाहेर पडतंय. ते चारचौघांत तागडीत घालायची लाज वाटली मला. वजन झालं की पाप डोळ्यांसमोर येतंय."

"काका, मोजलं म्हणून पाप वाढत न्हाई," संघप्रिया आवाज उतरवून म्हणाली. "न मोजल्यानं मात्र कमीबी हुईना. महिन्यानं परत येतो मी. तवर सगळं खरं तोला."

ती तोंडावर नाही म्हणून निघून गेली असती तरी तिला बोल लावता आला नसता. तिनं वेळ दिली. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

ते पोतं मग आण्णांनी आपल्या हातानं माझ्या पारड्यात ठेवलं. पारडं धाडकन खाली गेलं. रोहिणीनं पोतं उघडलं तर आत पालेभाजीच पालेभाजी.

"आण्णा, चातुर्मास चालू हाय. गल्लीतली निम्मी घरं जैन. पालेभाजी ती खात न्हाईत, तुम्हीबी खात न्हाई. मग रोज एवढी मेथी येतीय कशी?"

आण्णा चाचरले. "कागलचा विजयसिंह आणतोय. त्याच्या बापापासनंचा घरोबा. मेथी नको म्हटलं तर त्याला काय वाटंल? म्हणून दरसाल घेतोय."

रोहिणीनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. कोल्हापुरी माणसं फोनवर बोलतात ती पलीकडच्या गल्लीला ऐकू जावं म्हणूनच. त्यामुळं विजयसिंहाचा एकूण एक शब्द मला ऐकू आला.

"विजयसिंह, राग मानू नगंस. दिवाळीपतुर मेथी कमी आणशील का?"

पलीकडं हसण्याचा गडगडाट.

"आवो आण्णा! तुम्हांस्नी लागतीया म्हणून मी दुसऱ्या दुकानदाराला न्हाई म्हणतोय! त्यो रोज माझ्या नावानं बोंबलतोय, मेथी दे म्हणून. तुम्ही नको म्हणायचं तरी की!"

घ्या! एक भिडेपोटी आणत होता, दुसरा भिडेपोटी घेत होता, आणि दोघांच्या भिडेची मेथी गाय खात होती. रोहिणी हसता हसता खाली बसली. आण्णाही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून मेथी बेतानं येऊ लागली. नरम पडू लागलेली वांगी-टोमॅटो दुपारीच वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली. महिन्यानं संघप्रिया आली, कोपरान् कोपरा हुडकला आणि सही केली. वसतिगृहाचा माल चालू राहिला. मोबाइलवाल्याला पारसनं स्वतः जाऊन नकार दिला. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं तेव्हा आण्णा सगळ्यांना सांगत होते, "सुनंनं मिळवलं." मला वाटलं, मला गल्ल्याशेजारी टांगणारे हात आणि माळ्यावरून खाली आणणारे हात एकाच घरचे निघाले, आणखी काय हवं?

मित्रांनो, तुमच्या घरात तागडी नसेल, पण केराची बादली तर असेल. आठवडाभर तिच्यात काय पडतं ते डोळे उघडे ठेवून बघा. लाज वाटेल. वाटू द्या, पण झाकू नका. आणि नको असेल तेव्हा नको म्हणा. समोरचा बहुधा त्याचीच वाट बघत असतो.

परवा संध्याकाळी रोहिणी उरलासुरला माल गोळा करायला दुकानभर फिरली आणि हात हलवत परत आली. टाकायला काहीच नव्हतं. आण्णा माझ्यापाशी आले, खांद्यावरच्या पंच्यानं दोन्ही पारडी पुसली आणि म्हणाले, "आज तुला काम न्हाई गं बाई."

माळ्यावर असताना हे शब्द माझ्या जिव्हारी लागले असते. परवा मात्र काटा सरळ उभा होता, पारडी रिकामी होती, आणि इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.