दहापैकी दहा

लाकूड तासायची पटाशी सटकून सुतारमिस्त्रींच्या मनगटातली स्पर्शाची नस तुटली, त्याला सात महिने झाले होते. डॉक्टरांनी ती जोडली आणि बजावलं, "दिवसाला मिलिमीटरभर वाढते, घाई करू नका." जखम भरली, मूठ वळायला लागली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं ठार बधिर. आणि मिस्त्रींचं सगळं नाव तर्जनीवर! रंधा मारून झाला की ते डोळे मिटून फळीवरून बोट फिरवत. बोट खूश झालं तरच पॉलिशचा डबा उघडत, मग गिऱ्हाईक दारात का ताटकळेना.

मेहुण्याने आपल्या हार्डवेअरच्या दुकानात जागा देऊ केली होती. दिवसभर स्टुलावर बसून बिजागऱ्या दाखवायच्या. उत्तर आजच द्यायचं होतं.

बायको रोज सकाळी बोटाची परीक्षा घ्यायची. मिस्त्रींच्या डोळ्यांवर रुमाल आणि समोर तीन फळकुटं, एक खरखरीत, एक मध्यम, एक गुळगुळीत. ती अदलाबदल करून दहा वेळा ओळखायची. गेला आठवडाभर दहापैकी दहा! तिने शेजारणीलाही सांगून टाकलं होतं. पण काल मिस्त्री एकटेच सराव करत असताना बाहेर ट्रक घरघरत उभा राहिला आणि त्यांना एकही फळकूट ओळखता येईना. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बोट कसलं, त्यांचे कान पास होत होते. तीस वर्षं लाकूड घासलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरूनही कळतं.

"अगं, आज कानात कापूस घाल," ते म्हणाले.

"परीक्षा बोटाची आहे ना?"

"घाल म्हणतो ना. आठवडाभर तुझ्या डोळ्यांत धूळ फेकतोय. माझ्याही."

परीक्षा झाली. त्यांनी कापूस काढला. "किती?"

"तीन," ती हळूच म्हणाली.

"तेवढे अंदाजपंचे कुणालाही मिळतील. कळव तुझ्या भावाला."

ती फोन आणायला उठली. मिस्त्री तोंड पाडून फळकुटं गोळा करू लागले.

"आई गं!"

"काय झालं?"

"कुसळ गेलं. मधल्या बोटात."

तिने चष्मा लावून बोट उलटसुलट पाहिलं. "इथे काहीच नाही." मग शेजारचं बोट धरलं. "अहो, हे काय! तर्जनीत रुतलंय की!"

दोघांना एकदमच आठवलं. डॉक्टर म्हणाले होते, नवी नस आधी भलत्याच बोटाचा निरोप आणते, मग सरावाने ताळ्यावर येते. तेव्हा दोघांनी नुसत्याच माना डोलावल्या होत्या.

ती सुई घेऊन आली. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"फार दुखतंय?"

"हो ना!" मिस्त्री लहान मुलासारखे हसले. "काढू नकोस इतक्यात. राहू दे जरा वेळ."

"वेड लागलंय का? आणि भावाला काय सांगू?"

"सांग, बोट दुखतंय. यायचं जमणार नाही म्हणावं."