उजवीकडेच वळवलं होतं

"उजवीकडे वळायचं असेल तर उजवी मूठ पुढे ढकलायची. म्हणजे हँडल डावीकडे. डावीकडे! कळलं का मास्तर?"

कुरिअरवाल्यानं हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि गॅरेजबाहेरच्या बाकावरचे सगळे मास्तरांकडे बघू लागले.

"आणि गाडी जाते उजवीकडे," मास्तर म्हणाले.

"उजवीकडे."

"मग ब्रेक मारला की पळत असेल."

सगळा बाक हसला.

"हसा, हसा. काउंटरस्टीअरिंग म्हणतात याला. जरा वेग आला की सगळे हेच करतात. तुम्हीपण करता."

"मी? बावीस वर्षं गाडी शिकवतोय मी. हँडलला नुसता आधार द्यायचा, वळवायचं अंगानं. मैदानाच्या भिंतीवर रंगवून घेतलंय. अंग टाका, गाडी येईल. हात सोडूनसुद्धा वळते, माहितीये?"

"वळते की. जांभया देत देत. तेवढा वेळ वळणावरचा चर थांबतो का तुमच्यासाठी?"

कुरिअरवाल्यानं जीभ चावली. गावची टपालवाली सात आठवड्यांपूर्वी त्याच चरात गाडीसकट पडली होती, आणि गाडी तिला मास्तरांनी शिकवली होती.

मास्तर उठले. बसले. परत उठले.

*

तेव्हा हॉस्पिटलात तिचा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होता. मास्तरांनी संत्री नेली होती.

"सर, रस्ता उजवीकडे होता. मी उजवीकडेच वळवलं होतं. अंगपण टाकलं. आणि गाडी डावीकडे गेली. जितकं वळवावं तितकी जास्त डावीकडे."

"डोळे मिटले असतील हिनं," खिडकीजवळून नवरा म्हणाला.

"नव्हते मिटले! सर, तुम्ही सांगा यांना. होतं ना असं?"

तिनं किती भरवशानं विचारलं होतं. आणि मास्तर म्हणाले होते,

"असं होत नाही गं. हँडल जिकडं, गाडी तिकडं. घाबरलीस तू. होतं माणसाचं."

मास्तर संत्रं सोलत बसले. सोललेलं तिनं घेतलं नाही.

*

टपाल खाते. अपघाताचा अहवाल.
वाहन: मोटारसायकल.
हवामान: कोरडे.
रस्त्याची स्थिती: चांगली.
अपघाताचे कारण: चालक घाबरल्याने ताबा सुटला.
चालकाची सही:

कारणाची ओळ कचेरीतल्या कारकुनानं भरून पाठवली होती. सही केली की प्रकरण मिटणार आणि ती कायमची खिडकीमागे, पाकिटांवर ठसे मारायला. नवऱ्याचं म्हणणं, करून टाक. सासूचं म्हणणं, बरंच झालं, बाईमाणसानं कशाला ती धूडं हाकायची. तिचं म्हणणं एवढंच, की मी घाबरले नव्हते. सहीची जागा अजून कोरी होती. हे मास्तरांना गॅरेजवर कुणीतरी सांगितलं, मजा म्हणून.

*

"आता झाडूवरून शिकवणार का?" बायकोनं विचारलं.

मास्तर स्वयंपाकघरात झाडू आडवा धरून उभे होते. उजवा हात पुढे. मग डावा. मग डोळे मिटून उजवा.

"मी वळणावर हात कसे धरतो, तू मागे बसतेस, कधी बघितलंस?"

"मी रस्ता बघते. तुम्ही बघता की नाही, याचा भरवसा नसतो."

"थट्टा नको."

"मग जाऊन करून बघा ना एकदाचं. तीन दिवस घरात नुसते येरझाऱ्या घालताय. फरशी झिजेल."

*

वेल्डरनं पुन्हा विचारलं. "टाकीवर पाइप? आडवा? फ्रेमला पक्का? मास्तर, कपडे वाळत घालणार का?"

"हँडलसारखा. पण हलणार नाही असा. तो धरायचा, खऱ्या हँडलला हात लावायचा नाही, आणि नुसतं अंग टाकायचं. वळली तर मी खरा."

"आणि नाही वळली तर?"

"तू पाइप लाव."

रविवारी सकाळी मैदान रिकामं होतं. फक्त कुरिअरवाला, हात खिशात. आज तो चेष्टा करत नव्हता, त्याचंच मास्तरांना जास्त लागलं. त्यांनी आयडलचा स्क्रू पिळला, म्हणजे मूठ सोडली तरी वेग राहील. तिसरा गिअर. तीसचा वेग. हात हँडलवरून उचलले आणि पाइपवर ठेवले.

अंग टाकलं. उजवीकडे.

गाडी जरा डुलली. सरळ गेली.

आणखी टाकलं. गुडघा बाहेर, खांदा बाहेर, अर्धे मास्तर हवेत. गाडी म्हातारीसारखी किंचित कलली आणि आपली सरळच. भिंत जवळ येत होती. 'अंग टाका' वाचता येत होतं. 'गाडी येईल' पण वाचता येत होतं.

त्यांनी झडप घालून हँडल धरलं आणि गाडी चटकन उजवीकडे वळली.

चटकन. आणि त्यांनी पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उजवा हात मूठ पुढे ढकलत होता.

गाडी बंद करून ते तसेच बसून राहिले. हाताला सगळं येत होतं. हातानं कधी तोंडाला सांगितलं नव्हतं. आणि तोंडानं हजारोंना शिकवलं. बहुतेकांचे हात आपापलं शिकून घेत असतील. पण भर वेगात, वळण आवळत जाताना, एखादीला वाटलंच की आता हँडल वळवायला हवं, तर ती कुणीकडे वळवेल? जिकडे जायचं तिकडेच ना. उजवीकडे. मग गाडी उलट ताठ होईल आणि डावीकडे...

"मास्तर, लागलं का कुठे?" कुरिअरवाला धावत आला.

"ती खरं सांगत होती," मास्तर म्हणाले. "शब्द न् शब्द."

*

टपालवालीनं कुबडीवर तोल सावरत दार उघडलं.

"बसा सर."

"बसत नाही. अगं, तू उजवीकडे वळवलंस म्हणूनच ती डावीकडे गेली."

मास्तरांनी हवेत हँडल धरलं, उजवा हात ओढून दाखवला, मग ढकलून दाखवला. पुन्हा दाखवला. बोलता बोलता ते दारातून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून परत दारापर्यंत गेले. पाइपचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं.

"मी तुला हे कधी शिकवलंच नाही. मलाच ठाऊक नव्हतं. आणि वर हॉस्पिटलात तुला खोटं पाडलं."

ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही.

"उद्या तुमच्या कचेरीत येतो," ते घाईनं म्हणाले. "साहेबांसमोर सांगतो. लिहून देतो."

"कचेरीचं नंतर," ती म्हणाली. "आधी घरात सांगा." मग आत वळून, "अहो, जरा इकडे या."

नवरा टॉवेलला हात पुसत आला. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, हातांसकट. नवऱ्यानं सगळं ऐकलं.

"म्हणजे ही घाबरली नव्हती?"

"घाबरली असती तर हँडल सोडलं असतं. हिनं शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं."

नवरा तिच्या पायाकडे बघत उभा राहिला. मग त्यानं खुर्ची ओढून तिच्यामागे ठेवली. ती बसली नाही.

"आता आईंना सांगा. आत आहेत. त्यांना कमी ऐकू येतं."

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. मास्तर त्यांच्याजवळ उकिडवे बसले.

"तुमच्या सुनेची चूक नव्हती. चूक माझी होती."

"काय म्हणता?"

"चूक माझी होती!"

"कोणाची?"

शेजारच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज झाला. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. टपालवाली कुबडी टेकून चौकटीत उभी होती.

"अजून मोठ्यानं, सर," ती म्हणाली.

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला.